बांगडी भरतानाचा प्रश्न

अम्मा, काल दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की मला काही झालेलं नाही. तुला जे झालं होतं, ते मला झालेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण कुठल्याही हकिकतीचा शेवट आधी ऐकायची तुझी खोड होती. कुणी काही सांगायला बसलं की तू म्हणायचीस, "जित्तं हाय का गेलं ते आदी सांग, मग निवांत बोल." तर मी जिती आहे, डोकं ठिकाणावर आहे, आणि तू गेल्याला वीसेक वर्षं झाल्यावर बारामतीच्या घरात, ओट्याशेजारच्या टेबलावर बसून तुला लिहिते आहे. कुकर लावलाय, अर्धं लक्ष त्याच्या शिट्ट्यांकडे आहे. अर्धं लक्ष म्हणजे नेमकं काय, हेच मी इतकी वर्षं कॉलेजात पोरांना शिकवत आले. माणसाचं ध्यान कुठं जातं, कसं निसटतं, अडलेलं माणूस वाट कशी काढतं, या सगळ्याचं एक शास्त्र आहे, आणि त्याचा पगार मिळतो, यावर तुझा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "ध्यानाचं बी शिकवत्यात व्हय?" असं म्हणून तू पदर तोंडाला लावून हसली होतीस, आणि मग शेजारणीला अभिमानाने सांगितलं होतंस की पोरगी येड्यांची डाक्टर झाली.

गेले चार-पाच महिने मात्र ही येड्यांची डाक्टर स्वतःच्याच डोक्याला घाबरून होती. घरात कुणाला सांगितलं नाही. तुझं जसं सुरू झालं तसंच माझं सुरू झालंय, अशी माझी खात्री झाली होती. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झालीत, तुलाही साधारण याच वयात पहिल्यांदा चुकायला लागलं होतं. आणि मला पुढचं सगळं माहीत होतं, अम्मा. एक एक पायरी मी पाहिलेली होती.

आधी चांगल्या दिवसांचं लिहिते. आपल्या गावात, अंथुर्ण्यात, आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर सगळ्या बायका तुला भाभी म्हणायच्या. भाभी आली म्हटलं की पोरी अंगणात धावत यायच्या. तू जोत्यावर बसायचीस, बांगड्यांच्या माळा पेटीतून काढून मांडीवर पसरायचीस, आणि समोर बसलेल्या बाईचा हात हातात घ्यायचीस. माप विचारायची नाहीस. अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबलं की तुला माप कळायचं. मग बोलणं सुरू. पाऊसपाणी, म्हशीचं दूध, कुणाचं बाळंतपण. आणि बांगडी बोटांच्या सांध्यांपर्यंत येऊन अडली, बाई ओठ चावून, हात आखडून बसली, "भाभी, लई घट्ट हाय वो" म्हणाली की नेमका तेव्हा तू प्रश्न विचारायचीस. "आगं, तुज्या थोरल्या जावंनं शेवटी काय ठरीवलं? लेकाकडं ऱ्हाणार का हितंच?" बाई विचारात पडायची, उत्तर जुळवायला लागायची, आणि तिचा हात आपोआप सैल पडायचा. तेवढ्यात बांगडी आत. ती "न्हाय, ती म्हनती..." असं म्हणत असतानाच तू दुसरी बांगडी उचललेली असायचीस. सगळ्या भरून झाल्या की बाया वाकून तुला नमस्कार करायच्या, वयाने तुझ्याहून मोठ्या असल्या तरी. बांगड्या भरणारीला नमस्कार करायचा, अशी रीतच. तू "असू दी, असू दी" म्हणत डोक्यावर हात ठेवायचीस. मला लहानपणी वाटायचं, माझ्या आईच्या पाया सगळा गाव पडतो.

कॉलेजात गेल्यावर मी एकदा तुला विचारलं होतं, की प्रश्न नेमका तेव्हाच का विचारतेस. तू म्हणालीस, "मला काय ठावं, माज्या आईनं असंच भरल्या." मग थोड्या वेळाने भाकरी थापता थापता स्वतःहून म्हणालीस, "पर व्हय-न्हायचा प्रश्न न्हाय इचारायचा. त्येनं काय व्हत न्हाय. इचार करावा लागंल असा इचारायचा." मी तेव्हा नुकतंच पुस्तकात वाचलेलं होतं की माणसाचं ध्यान ही भरपूर मिळणारी गोष्ट नाही, ती मोजकीच असते, एकीकडे जास्त गेली की दुसरीकडे कमी पडते. वेदनासुद्धा ध्यान मागते, आणि ध्यान दुसरीकडे गुंतलं की ती बिचारी कमी दुखते. मी तुला हे मोठ्या उत्साहाने समजावलं. तू भाकरी उलटली आणि म्हणालीस, "बरं. मग तेवढं ताटात मीट वाढ." मी मीठ वाढायला विसरले होते.

आणि तू माझ्यावर रागावलीस तो दिवसही आठवतो. वस्तीवर लग्न होतं. नवरी पोरगी रडून रडून लाल झालेली, तू तिला हिरवा चुडा भरत होतीस. मी शाळकरी, तुझ्या शेजारी बसून मापाच्या बांगड्या हातात देण्याचं काम माझ्याकडे. बांगडी अडली होती, तू नवरीला काहीतरी विचारलं होतंस, ती बोलायला लागली होती, आणि तेवढ्यात मला एकदम आठवलं म्हणून मी विचारलं, "अम्मा, उद्या माझी सहल कुठे जाणार आहे सांग बघू?" तू माझ्याकडे मान वळवलीस आणि कट्कन आवाज झाला. बांगडी वाढली. फुटली असं म्हणायचं नाही, ती वाढते, एवढं भान मलाही होतं, पण नवरीच्या हातावर रक्ताचा थेंब आला तो आलाच. तू तो थेंब पुसलास आणि उरलेला चुडा भरून पुरा केलास. वाटेत ओढ्यापाशी आल्यावर मात्र तू थांबलीस. "तिचं ध्यान काडायचं असतंय, माजं न्हाय! समजलं का? भरनारीचं ध्यान हालून चालत न्हाय." मी रडायला लागले तशी तू माझं नाक पदराने पुसलंस, आणि पुढे गेल्यावर विचारलंस, "कुटं जानार हाय सहल?"

तुझं आणखी एक होतं. बांगडी अडली की नवशिक्या बायका जोर लावतात. तू कधी लावला नाहीस. तू ती माघारी घ्यायचीस, पार बोटांच्या टोकापर्यंत, हात आपल्या हातात थोडा कुस्करायचीस, अंगठा आत दुमडायचीस आणि मग वेगळ्या बाजूने घालायचीस. याच्यावर मी वर्गात अख्खा तास घेते. म्हणजे तुझं नाव घेत नाही, पण सांगते की अडचण सुटत नसेल तर बहुतेक वेळा आपण ती पहिल्यांदा जशी मांडली तशीच पुन्हा पुन्हा रेटत बसलेलो असतो. जोर वाढवून उपयोग नसतो. मागे यायचं, प्रश्न दुसरीकडून मांडून बघायचा. पोरं वहीत उतरवून घेतात. मग मी त्यांची एक गंमत करते. एक उतारा वाचून दाखवते आणि सांगते, यात 'पाणी' हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. सगळा वर्ग बोटांवर मोजायला लागतो. वाचता वाचता त्याच आवाजात मी मध्येच एक वाक्य घालते, की आजचा तास अर्धा तास आधी सुटणार आहे. एकालाही ऐकू येत नाही, अम्मा! ज्या वाक्यासाठी ही पोरं कान टवकारून बसलेली असतात तेच वाक्य कानावरून निघून जातं. नंतर सांगितलं की भांडायला उठतात, "मॅडम, तुम्ही म्हणालाच नाहीत." मी म्हणते, म्हणाले, पण तुम्ही घरी नव्हतात.

हे सगळं इतकं छान ठाऊक असलेली मी, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा यातलं एक अक्षर मला सुचलं नाही.

झालं असं. ऐन उन्हाळ्यात मी स्कूटर घेऊन मंडईत गेले. लोणच्याच्या कैऱ्या घेतल्या, लसूण घेतला, कोथिंबीर घेतली. रिक्षात बसले आणि घरी आले. रिक्षातून उतरून फाटकाची कडी काढली, आणि स्कूटर उभी करायची ती जागा रिकामी दिसली. तेव्हा लक्षात आलं. स्कूटर मंडईच्या बाहेर उभी होती, किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि मी तिला तिथे सोडून रिक्षाने आले होते. जाऊन घेऊन आले. हसायची गोष्ट होती, दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मी हसलेही असते. पण मला तू आठवलीस.

तुझं असंच सुरू झालं होतं ना. आधी तू बायांना एकच प्रश्न दोनदा विचारायला लागलीस. बाया हसायच्या, "भाभी, आत्ताच सांगितलं की." मग किरकोळ हाताच्या पोरीला तू मोठं माप घातलंस, सैल बांगड्या तिच्या कोपरापर्यंत चढल्या, आणि तू त्या हाताकडे बघत बसलीस. मग एकदा प्रश्न विचारलास, बाई बोलायला लागली, हात सैल पडला, आणि तू बांगडी तशीच धरून तिचं ऐकत राहिलीस. पुढे काय करायचं ते तुला आठवेना. त्या दिवशी पेटी मी उचलून आणली. नंतर तू बारामतीच्या स्टँडवर उभी राहून इंदापूरची गाडी विचारत होतीस, माहेरी जायचंय म्हणून. इंदापुरातलं माहेर उठून कितीतरी वर्षं झाली होती, तुझे आईवडील दोघंही गेलेले होते. कंट्रोलरच्या खोलीत तुला बसवून कुणीतरी चहा दिला होता. मी धावत आले तर तू मला म्हणालीस, "आपा, तू बी चाललीस?" आपा म्हणजे तुझी थोरली बहीण. मी हो म्हणाले.

म्हणून स्कूटरच्या दिवसापासून मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. सकाळी उठलं की आजचा वार, कालची भाजी, परवा आलेला पाहुणा, सगळं मनाशी म्हणून बघायचं. एखाद्या पोराचं नाव आठवायला क्षणभर वेळ लागला की घाम. एकदा शिकवताना 'अवधान' हाच शब्द जिभेवर येईना, ज्या विषयाचा तास त्याच विषयाचा शब्द! एका पोरीने सुचवला, मी हसून वेळ मारून नेली आणि स्टाफरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. नमाजेत तर रोजचाच घोळ. उभं राहून, वाकून, कपाळ टेकून झालं तरी ही तिसरी रकात झाली की चौथी, कळेना. लहानपणी असं व्हायचं तेव्हा मी रडायचे, आणि तू म्हणायचीस, "त्यात रडायचं काय? दोन सजदे जादा कर, झालं. मानूस इसरनार म्हनूनच त्येची सोय करून ठिवलीया." तेव्हा किती हलकं वाटायचं. आता मी ते जादा सजदे घालायचे आणि कपाळ जमिनीला टेकवून दुआ मागायचे, की दुसरं काहीही दे, हे नको. आणि जितकी मी स्वतःकडे बघायचे तितकी जास्त चुकायचे. चालताना पाय कसा टाकतो याचा विचार केला की माणूस अडखळतं, हे मी वर्गात सांगते. पण भीतीपुढे माझा वर्ग कुठला चालायला!

मग गेल्या महिन्यात अंथुर्ण्यात लग्न निघालं. आपल्या जुन्या शेजाऱ्यांची नात. आदल्या दिवशी बांगड्या भरायला बोलावलं होतं, गेले. बांगड्या भरणारी एक तरणी पोरगी होती, स्वतःच्या स्कूटरवर पेटी बांधून आलेली. ती हाताला पातळ कॅरीबॅग चढवते, तिच्यावरून बांगडी सर्रकन सरकवते आणि मग पिशवी ओढून काढते. तू बघितलं असतंस तर नाक मुरडलं असतंस, आणि घरी येऊन गुपचूप करून बघितलं असतंस. सगळ्यांच्या भरून झाल्यावर नवरीची आई मला म्हणाली, "मॅडम, तुमी बी भरा. भाभीची लेक तुमी, मोकळ्या हातानं जाऊ देनार न्हाय." मी हात पुढे केला. पिशव्या संपल्या होत्या. पोरगी म्हणाली, "आता जुन्या पद्धतीनं," आणि माझा हात धरला. दोन बांगड्या दुखत दुखत गेल्या. तिसरी अडली, मी दात आवळले. आणि त्या पोरीने मान वर न करता विचारलं, "मॅडम, तुमच्या लेकीचं काय ठरलं वो? पुन्यातच ऱ्हानार का परदेशात?"

मी विचारात पडले. कारण खरंच काही ठरलं नव्हतं, लेकीला बाहेरच्या देशातली नोकरी आली होती आणि घ्यावी की नाही यावर आमचे फोन चालले होते. मी म्हणाले, "तिचं मन होतंय, पण..." आणि मग खाली बघितलं, तर सगळ्या बांगड्या हातात. पोरगी पेटी बंद करत होती.

अम्मा, त्या कधी गेल्या ते मला आठवेना. अजिबात आठवेना. आणि त्याच क्षणी मला कळलं की यात घाबरण्यासारखं काही नाही. आठवणार कसं? आठवण व्हायला ती गोष्ट आधी आत जावी लागते. माझं सगळं ध्यान लेकीच्या नोकरीकडे गेलं होतं, बांगड्यांच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. जे घरात आलंच नाही ते हरवलं असं कसं म्हणायचं? मी चार महिने एकच प्रश्न रेटत बसले होते, की मी स्कूटर विसरलेच कशी. तो मी तिथे, त्या अंगणात, माघारी घेतला. दुसरीकडून विचारला, की स्कूटरजवळून मी गेले तेव्हा माझं ध्यान कुठं होतं? आणि मग एकदम सगळं दिसलं. मंडईच्या दारात फोन वाजला होता. लेकीचाच. "आई, मी जाऊ का नको, तुझं खरं खरं सांग." असला प्रश्न, होय-नाहीने न सुटणारा. मी बोलत बोलत बाहेर आले, रिक्षा पुढ्यात थांबली, बसले. इतके दिवस मी कैऱ्या आठवल्या, लसूण आठवला, रिक्षाचा रंग आठवला, आणि फोन तेवढा वगळला, कारण विसरण्याशी फोनचा काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं.

नवरीच्या घरातूनच लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "हो की, तू माझ्याशी बोलता बोलताच रिक्षावाल्याला पत्ता सांगितलास. मला वाटलं स्कूटर बंद पडली असेल." मी तिथेच पायरीवर बसले आणि हसत सुटले. नवरीची आई पाणी घेऊन आली. त्या बांगडीवाल्या पोरीला मी वाकून नमस्कार केला. ती घाबरून मागे सरली, "आवो मॅडम, तुमी कशापायी!" म्हणाली. मी म्हटलं, रीत आहे.

पण तुझी लेक आहे तशीच या शास्त्राचीही मी लेक आहे. आपल्याला जे उत्तर हवं असतं ते फार पटकन पटतं, हे त्याच शास्त्राने शिकवलंय. स्कूटरचं कोडं सुटलं म्हणून सगळंच सुटलं असं होत नाही. तेव्हा घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. बायको स्कूटर मंडईत टाकून येते, चार महिने मनातल्या मनात वार पाठ करते, हे ऐकून ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बारामतीतच डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर बाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी चाचण्या काढल्या तशी मी म्हणाले, "या मला पाठ आहेत. मी शिकवते. यात पास झाले तरी माझा विश्वास बसणार नाही." त्या हसल्या, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मग तुम्ही मला स्कूटरचा दिवस सांगा." मी सांगितला. मग इतर चुका विचारल्या, त्याही सांगितल्या, कुठे, कधी, समोर कोण होतं, शब्द कुठला अडला. ह्यांना विचारलं, "मॅडम एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात का?" हे म्हणाले, "एकदाच विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही." डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काय काय विसरलात ते तुम्हाला किती नीट आठवतंय बघा. ज्यांचं खरंच सुरू झालेलं असतं, त्यांच्या चुका बहुतेक वेळा घरचे येऊन सांगतात." तरी त्यांनी रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढायला लावले, आणखी चाचण्या केल्या, ज्या मला पाठ नव्हत्या. काल सगळं हातात आलं. एक जीवनसत्त्व कमी निघालं, त्याच्या गोळ्या. झोप नीट घ्यायची. फोनवर बोलत रस्ता ओलांडायचा नाही, हे त्यांनी आईने दटावावं तसं सांगितलं. "वर्षाने पुन्हा या, पण तोवर स्वतःची परीक्षा घेणं बंद करा," म्हणाल्या.

बाहेर आलो. हे गोळ्या आणायला गेले, मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले. समोरून एसटी गेली, उसाच्या रसाच्या गाड्याचं घुंगरू वाजत होतं, एक पोरगी आईसक्रीम सांडलं म्हणून मार खात होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी हे सगळं नुसतं बघत होते. नंतर लक्षात राहील का, हा विचार मनात नव्हता. अंगातून काहीतरी उतरत गेलं, ताप उतरतो तसं. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत झोपले. लेकीला सांगितलं, जा, खुशाल जा, मी बरी आहे. ती रडली. मी नाही रडले, मला भूक लागली होती.

आता एक शेवटचं. गावाकडच्या बाया अजून मला बघून म्हणतात, "चालनं, बोलनं, हासनं, सगळी भाभी." मला ते आयुष्यभर आवडत आलंय, आजही आवडतं. पण काल डॉक्टर बोलल्या तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते अल्लाचे आभार नव्हते. पहिलं वाक्य आलं, मी अम्मासारखी नाही. आणि ते मला फार गोड लागलं. आजवर मी मनाला सांगत होते की मी त्या आजाराला घाबरते, तुला नाही. ते पुरतं खरं नाही. शेवटच्या दोन वर्षांत तुझ्या खोलीत यायच्या आधी मी दाराबाहेर थांबायचे, ओढणी नीट करायचे, श्वास घ्यायचे. आत बसलेल्या तुझी मला भीती वाटायची. तुझ्यावरचं प्रेम तेव्हाही तेवढंच होतं, पण भीती वाटायची, आणि एक दिवस त्या पलंगावर मी बसलेली असेन आणि माझी लेक दाराबाहेर थांबलेली असेल, हे मला चार महिने दिसत होतं.

हे तुझ्या तोंडावर मी कधीच म्हणाले नसते, तू ओळखत असतीस तरी आणि नसतीस तरी. हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून लिहिता येतंय. मला तुझ्यासारखं म्हातारं व्हायचं नव्हतं, अम्मा. निदान आज तरी मी तशी नाही, आणि मी खूश आहे.